फळाची घाई

फळाची घाई ही साधनेची पहिली वैरीण होय. मुंबईत २००४ पासून होत आलेल्या मॅरेथॉनमध्ये ४२.१९५ किलोमीटर धावण्याचा संकल्प एखादा गृहस्थ करतो. दीड-दोन महिन्यांत त्याचा दम वाढतो आणि आता काहीच अशक्य नाही, असे त्याला वाटू लागते. मोह येथेच आहे. हृदय व फुप्फुसे लवकर सरावतात. अस्थी आणि त्यांना जोडणारे बंध मात्र सावकाश बळकट होतात. दमाच्या भरवशावर एकदम अंतर वाढविणारा मनुष्य नडगी वा गुडघा दुखावून घेतो.

अतएव थोडेफार धावण्याची सवय असलेल्यानेही तयारीस चार-पाच महिने द्यावेत. प्रथम डॉक्टरांकडून प्रकृती तपासून घ्यावी. आठवड्यातून एकदाच लांब धावावे, तेही सहज बोलता येईल इतक्या मंद गतीने. ते अंतर क्रमाक्रमाने ३० किलोमीटरच्या आसपास न्यावे. विश्रांतीचा दिवस चुकवू नये. अखेरचे दोन-तीन आठवडे धावणे कमी करावे. पाणी तहानेप्रमाणे प्यावे. त्याचा अतिरेकही रक्तातील क्षार पातळ करून प्राणावर बेतू शकतो.

कित्येक जण वेदना दडपण्यालाच तप समजतात. परंतु हट्टाने स्वतःला पीडा देऊन केलेल्या तपाला गीतेच्या सतराव्या अध्यायात तामस म्हटले आहे. गृहस्थाचे शरीर त्याच्या एकट्याचे नसते. वृद्ध माता-पिता आणि लेकरे त्यावर विसंबून असतात. दुखऱ्या पायाला विसावा देणे हा पराभव नव्हे, तोच संयम होय. शर्यतीचा दिवस लाभो वा न लाभो. पहाटेची नित्य साधना मात्र मनुष्याच्या हाती आहे.