मुक्या राखणदाराचे हक्क

अत्यंत कृपावंत व परम दयाळू अल्लाहच्या नावाने.



दर शुक्रवारी आपल्यापैकी अनेकजण सूरह अल-कहफचे पठण करतात. आपला ईमान वाचवण्यासाठी वस्ती सोडून गुहेत आश्रय घेतलेल्या काही तरुणांची हकीकत या सूरहमध्ये आली आहे. त्यांच्यासोबत त्यांचा कुत्राही होता. अठराव्या आयतीत अल्लाहने त्याचे वर्णन केले आहे: तो गुहेच्या उंबरठ्यावर पुढचे पाय पसरून बसलेला होता. पुढे बाविसाव्या आयतीत त्या तरुणांच्या संख्येविषयी लोकांचे अंदाज आले आहेत. कोणी त्यांना तीन म्हणतो, कोणी पाच, कोणी सात; परंतु प्रत्येक अंदाजात कुत्रा वेगळा मोजलेला आहे. सदाचारी माणसांच्या दाराशी बसलेल्या एका मुक्या जनावराला दिव्य ग्रंथात स्थान मिळाले आणि कयामतपर्यंत ते वाचले जाणार आहे.

ही आयत मी लहानपणीच पाठ केली. परंतु तिचा अर्थ माझ्या जीवनात उतरण्यास बराच काळ जावा लागला, आणि तोही माझ्या एका चुकीनंतर. आज ती चूक मी आपल्यासमोर मांडत आहे, कारण तशीच चूक आपल्या घरांत आणि मशिदींच्या ओट्यांवर आजही होत असते.

काही वर्षांपूर्वी मी राहुरी तालुक्यातील एका गावात इमामत करीत होतो. उसाचा पट्टा, पाटाचे पाणी, आणि गावापासून दूर शेतांत विखुरलेल्या वस्त्या. अशाच एका वस्तीवरून नऊ वर्षांचा एक मुलगा संध्याकाळच्या मकतबला येत असे. एके दिवशी सबक संपल्यावर तो थांबला आणि हळूच म्हणाला, "हाफिजसाहेब, आमच्या मोत्यामुळे आमच्या घरी फरिश्ते येत नाहीत का?"

मला घाई होती. मगरिबची वेळ जवळ आली होती. मी म्हणालो, "नाही येत. अब्बूंना सांग, त्याला घालवून द्या." एवढे बोलून मी वुजूसाठी उठलो.

वडील सरळमार्गी गृहस्थ होते. इमामाचा शब्द त्यांनी दीनचा शब्द मानला. दुसऱ्याच दिवशी त्यांनी मोत्याला गोणीत घातले, मोटारसायकलवर ठेवले आणि दूर महामार्गावर सोडून दिले. मुलगा काही बोलला नाही. तो मकतबला येत राहिला, परंतु पूर्वीसारखा पुढे बसेना. महिनाभराने त्यांच्या गोठ्यात बिबट्या शिरला आणि दोन शेळ्या गेल्या. मी भेटायला गेलो, तेव्हा वडिलांनी माझ्याविषयी तक्रारीचा एक शब्दही काढला नाही. ते एवढेच म्हणाले, "मोत्या असता, तर निदान जाग आली असती." मुलगा दाराशी उभा होता. त्याने मला विचारले, "हाफिजसाहेब, त्याला आता पाणी कोण देत असेल?"

त्या प्रश्नाचे उत्तर माझ्याजवळ नव्हते.

बंधूंनो, मी त्या मुलाला सांगितलेली गोष्ट निराधार नव्हती. ज्या घरात कुत्रा असतो तेथे फरिश्ते प्रवेश करीत नाहीत, या आशयाची हदीस बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. परंतु मी अर्धेच सांगितले होते, आणि दीनच्या बाबतीत अर्धे सांगणे पुष्कळदा चुकीचे सांगण्याइतकेच घातक ठरते. उरलेले अर्धे आज सांगतो.

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी विनाकारण कुत्रा पाळणाऱ्याच्या पुण्यातून दररोज एक कीरात, काही रिवायतींनुसार दोन कीरात, कमी होतात असे सांगितले. परंतु त्याच हदीसींमध्ये तीन प्रकार स्पष्टपणे वगळले आहेत: शिकारीचा कुत्रा, गुराढोरांच्या राखणीचा कुत्रा आणि शेतीच्या राखणीचा कुत्रा. फिकहच्या विद्वानांनी याच आधारावर चोरांचे व हिंस्र श्वापदांचे भय असेल तेथे घराच्या राखणीसाठीही कुत्रा पाळण्यास अनुमती दिली आहे. ज्या कुत्र्याला शरीअतने अनुमती दिली, त्याच्यामुळे फरिश्ते अडत नाहीत, असे इमाम खत्ताबींसारख्या विद्वानांचे मत आहे. इमाम नववींनी मात्र ही हदीस सर्वसाधारण मानली आहे. म्हणजे त्या शेतकऱ्याचा मोत्या शरीअतने स्वतः वगळलेल्या प्रकारांत मोडत होता, आणि मी त्याला एका वाक्यात घराबाहेर काढले.

आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात हा प्रश्न केवळ पुस्तकी नाही. संगमनेर, अकोले, राहुरी, श्रीरामपूर, पारनेर येथील शेतकऱ्याला रात्री पिकाला पाणी द्यायला जावे लागते, आणि उसात बिबट्याचा वावर असतो. पारनेरच्या ढवळपुरी भागातील धनगर बांधव मेंढरे घेऊन घाट उतरतात, महिनोन् महिने उघड्यावर वाडा लावतात. लांडग्याची चाहूल त्यांना प्रथम कुत्राच देतो. उघड्यावर निजणाऱ्या माणसाला विचारा, कुत्र्याचे भुंकणे म्हणजे काय. तो सांगेल, की त्या आवाजावर विसंबून आमची लेकरे झोपतात.

पाकीचा प्रश्नही स्पष्ट करून घेऊ. कुत्र्याने भांड्यात तोंड घातल्यास ते सात वेळा धुवावे, त्यांपैकी एकदा मातीने, असा आदेश सहीह मुस्लिममध्ये आहे. हनफी मसलकनुसार कुत्र्याची लाळ नापाक आहे. परंतु त्याचे कोरडे अंग कपड्याला लागल्याने कपडा नापाक होत नाही. भांडे तीन वेळा धुणे हनफींकडे पुरेसे असून सात वेळा धुणे अधिक चांगले मानले जाते. कोकणातील आपले शाफई बांधव कुत्र्याचे संपूर्ण शरीर नापाक मानतात. ओलसर स्पर्श झाल्यास ते ती जागा सात वेळा, त्यांत एकदा मातीच्या पाण्याने, धुतात. मालिकी विद्वान जिवंत कुत्र्याला पाकच मानतात. कुत्र्याला स्पर्श झाल्याने वुजू मात्र यांपैकी कोणाच्याही मते तुटत नाही. म्हणून राखणीचा कुत्रा पाळणाऱ्याने त्याची जागा अंगणात ठेवावी, त्याची भांडी वेगळी ठेवावीत आणि नमाजची जागा व कपडे जपावेत. एवढी दक्षता पुरेशी आहे. नापाकीचे नियम आपल्याला धुणे शिकवण्यासाठी आहेत. त्यांत कोठेही दगड मारण्याची परवानगी दिलेली नाही.

आता तो भाग पाहू, जो आपण मुलांना फारसा सांगत नाही. बुखारी शरीफमध्ये एका वाटसरूची हकीकत आहे. तहानेने व्याकूळ होऊन तो विहिरीत उतरला, पाणी प्याला आणि वर आला, तो एक कुत्रा तहानेने ओली माती चाटताना त्याला दिसला. जी तहान मला लागली होती तीच याला लागली आहे, असे त्याच्या मनात आले. तो पुन्हा विहिरीत उतरला, मोजडीत पाणी भरले, ती दातांत धरून वर आला आणि कुत्र्याला पाणी पाजले. अल्लाहने त्याची कदर केली व त्याला क्षमा केली. सहाबांनी विचारले, जनावरांच्या बाबतीतही आम्हाला पुण्य आहे काय? प्रेषितांनी (स.) उत्तर दिले, की प्रत्येक सजीवाच्या बाबतीत पुण्य आहे. दुसऱ्या एका हदीसमध्ये बनी इसराईलच्या एका बदनाम स्त्रीला याच कारणाने क्षमा मिळाल्याचे सांगितले आहे. आणि मांजरीला कोंडून उपाशी मारणाऱ्या स्त्रीला शिक्षा झाल्याचेही आपण जाणतो. एकीला पाण्याच्या घोटाने तारले, दुसरीला उपासमारीने बुडवले.

मराठीचा विद्यार्थी असताना महाविद्यालयात आम्हाला संत एकनाथांची कथा सांगितली गेली. त्यांचे पैठण आमच्या शेवगाव तालुक्याला लागूनच, गोदावरीकाठी आहे. रामेश्वराला वाहण्यासाठी आणलेले गंगेचे पाणी त्यांनी वाटेत तडफडणाऱ्या गाढवाला पाजले. ती कथा ऐकताना मला विहिरीत पुन्हा उतरणारा तो वाटसरू आठवला. तहानलेल्या जिवाकडे पाहून ज्याचे पाय थांबतात, त्याला आपल्या शेजारचा माणूसही ओळखतो. आपल्या वागण्यातून आपला दीन शेजाऱ्याला असाच ओळखता आला पाहिजे.

प्रेषितांच्या (स.) जीवनातील आणखी एक प्रसंग पाहा. हिजरी ८, म्हणजे इ.स. ६३० मध्ये हजारोंचे लष्कर मक्केकडे निघाले होते. इतिहासकार वाकिदी लिहितात, की वाटेत एक कुत्री पिलांना पाजत गुरगुरत होती. प्रेषितांनी (स.) जुऐल बिन सुराका (रजि.) यांना तिच्याजवळ उभे केले, जेणेकरून लष्करातील कोणीही तिला व तिच्या पिलांना त्रास देऊ नये. मक्का विजयाच्या त्या महान मोहिमेतही एका कुत्रीसाठी पहारा बसवला गेला.

तेव्हा ज्याने राखणीसाठी कुत्रा पाळला आहे, त्याच्यावर काही हक्क बंधनकारक होतात.

पहिला हक्क अन्नपाण्याचा. वस्तीवरच्या कुत्र्याला उरलेसुरले मिळाले तर मिळाले, अशी रीत आहे. ही रीत बदला. उन्हाळ्यात सावलीला पाण्याचे भांडे भरलेले असू द्या.

दुसरा हक्क निवाऱ्याचा व संरक्षणाचा. रात्री उघड्यावर साखळीने बांधलेला कुत्रा बिबट्यासमोर असहाय असतो. तो पळू शकत नाही आणि झुंजूही शकत नाही. जो आपली राखण करतो त्याला आमिष बनवणे हा जुलूम आहे. त्याला जाळीच्या बंद खोपटात ठेवा. तो तेथूनही भुंकून जागे करील. मेंढपाळ गळ्यात खिळ्यांचा पट्टा घालतात, तेही याच काळजीपोटी.

तिसरा हक्क आरोग्याचा, आणि यात शेजाऱ्याचाही हक्क आहे. पिल्लू तीन महिन्यांचे झाले की पशुवैद्यकीय दवाखान्यात नेऊन रेबीजची लस द्या व पुढे डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे दरवर्षी देत राहा. नको असलेली पिल्ले गोणीत भरून नदीकाठी टाकण्यापेक्षा निर्बीजीकरण करून घ्या. लाभासाठी जनावराचे खच्चीकरण हनफी फिकहमध्ये अनुज्ञेय आहे. आपला कुत्रा शाळेच्या वाटेवर मुलांच्या अंगावर जात असेल, तर त्याचा जबाब आपल्यालाच द्यावा लागेल.

येथे इमाम म्हणून एक गोष्ट आग्रहाने सांगतो. कुत्रा चावला की लोक दम करून घेण्यासाठी मशिदीत येतात. कृपा करून आधी दवाखान्यात जा. चावा असो वा ओरखडा, जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा; तिच्यावर मिरची, हळद किंवा चुना लावू नका; आणि लगेच सरकारी रुग्णालयात जाऊन लसीचे सर्व डोस वेळापत्रकाप्रमाणे पूर्ण करा. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली, की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. उपचार करा, असा प्रेषितांचा (स.) आदेश आहे. दुआ अवश्य करू, परंतु ती लसीच्या जागी नव्हे, तर लसीसोबत.

चौथा हक्क साथ न सोडण्याचा. म्हातारा झाला, आजारी पडला किंवा आपण शहरात राहायला गेलो, म्हणून त्याला रस्त्यावर सोडणे ही अमानतीतील खयानत आहे. भुकेने-तहानेने हाल होतील अशा रीतीने जनावर टाकून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसारही अपराध आहे.

शहरातील काही तरुण विचारतात, "केवळ हौसेसाठी सदनिकेत कुत्रा पाळावा काय?" याचे प्रामाणिक उत्तर असे, की शरीअतने ते पसंत केलेले नाही, आणि कीरातची हदीस अशांनाच सावध करते. परंतु ज्याने अजाणतेपणी पाळला असेल, त्याने एक चूक सुधारताना दुसरे पाप करू नये. ज्याला खरोखर राखणीची गरज आहे अशा शेतकऱ्याच्या हाती तो सोपवावा, आणि तसे होईपर्यंत त्याला पोटभर खाऊ घालावे.

आणि गल्लीतला कुत्रा? तो कोणाचाच नाही, म्हणून त्याला हक्क नाहीत असे समजू नका. सूरह अल-अनआमच्या अडतिसाव्या आयतीत पृथ्वीवर चालणाऱ्या व पंखांनी उडणाऱ्या सर्व जीवांना आपल्यासारखेच समुदाय म्हटले आहे. मशिदीतून बाहेर पडताना मुले दगड उचलतात, तेव्हा त्यांचा हात धरणे आपले काम आहे.

मोत्याचा आम्ही पुष्कळ शोध घेतला. वडिलांना सोबत घेऊन मी त्या महामार्गावर दोनदा गेलो, धाब्यांवर विचारले. तो सापडला नाही. मी त्या मुलाची, त्याच्या वडिलांच्या देखत, माफी मागितली. पुढे त्यांनी दुसरे पिल्लू आणले. गोठ्याशेजारी त्याच्यासाठी जाळीचे खोपट बांधले, लस दिली. मुलगा आता मोठा झाला आहे. रोज फजरनंतर तो आधी त्याच्या भांड्यातले पाणी बदलतो, मग शाळेची तयारी करतो. मोत्याचा हिशेब मात्र माझ्याकडे बाकी आहे, आणि तो मला ज्याच्यासमोर द्यायचा आहे त्याच्यापासून काहीही लपलेले नाही.

हे अल्लाह, आम्हाला तुझ्या दीनचे संपूर्ण ज्ञान दे आणि अर्धवट बोलण्यापासून आमच्या जिभा आवर. जे मुके जीव तू आमच्या स्वाधीन केले आहेस, त्यांच्याविषयी आम्हाला तुझे भय बाळगण्याची सद्बुद्धी दे. आमच्या हातून ज्यांच्यावर अन्याय झाला, त्यांना तू आपल्या कृपेने पाणी व निवारा दे, आणि आम्हाला क्षमा कर. आमीन.