खुरप्याच्या पायाचा बेडूक

माण, खटाव, आटपाडी, सांगोला, जत हा सगळा अवर्षणाचा पट्टा. वर्षाकाठी पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि त्याचाही भरवसा नाही. बेडूक तोंडानं पाणी पीत नाही, कातडीतून शोषून घेतो. ज्या कातडीतून ते आत येतं, त्याच कातडीतून उन्हात उडूनही जातं. तरीही या मुलखात बेडूक आहेत आणि पिढ्यान् पिढ्या टिकून आहेत. वर्षातला बराच काळ ते जमिनीखाली काढतात, म्हणून आपल्याला त्यांचा पत्ता नसतो एवढंच.

असा जमीन खणणारा बेडूक ओळखायचा असेल तर त्याचा मागचा पाय बघावा. तळव्याच्या आतल्या कडेला खुरप्याच्या पात्यासारखा एक कडक उंचवटा दिसतो. त्यानं माती दोन्ही बाजूंना सारत तो पाठमोरा जमिनीत उतरतो. अंग गोलमटोल, तोंड आखूड, रंग मातीचाच. डोळ्यांच्या मागं लांबट फुगीर गाठी आणि अंगभर खरखरीत फोड दिसले तर तो भेक. डोकं अगदी बारीक, कातडी गुळगुळीत आणि अंग फुगवलेलं असेल तर तो फुग्या बेडकांपैकी. याच्या पुढं जाऊन नेमकी जात सांगण्याची घाई करू नये. पश्चिम भारतातल्या अशाच एका खणणाऱ्या बेडकाला 2017 साली नवी जात मानून ‘स्फेरोथेका पश्चिमा’ हे नाव मिळालं. नेपाळमधून 1998 सालीच नोंदलेली जात तीच, असं नंतरच्या अभ्यासकांनी ठरवलं. तिथं एका फोटोवरून आपण छातीठोकपणे काय सांगणार?

नांगरट करताना किंवा विहिरीचं काम चालू असताना असा बेडूक ढेकळातून वर येतो. आपण तो उचलतो आणि तो लगेच हातावर पाणी सोडतो. आपल्याला किळस येते. ते पाणी त्यानं मूत्राशयात धरून ठेवलेलं असतं. कोरड्या दिवसांत त्याचं शरीर त्यातूनच थोडं थोडं परत घेत राहतं. म्हणजे आपण केवळ कुतूहलापोटी उचललं, आणि त्याची उन्हाळ्याची पुंजी गेली. काही गावांत पावसासाठी धोंडी मागताना जिवंत बेडूक बांधून दारोदार नेतात, तेव्हाही त्याच्यावर हेच ओढवतं. पावसाची आस मी समजू शकतो. पण त्यासाठी पावसाच्या जिवावर जगणाऱ्या प्राण्याला उन्हात सुकवू नये, असं मला मनापासून वाटतं.

उचलावाच लागला तर हात आधी साध्या पाण्यानं ओले करावेत. हाताला साबण, तंबाखू, औषधाचा अंश नसावा, कारण तेही कातडीतून आत जातं. बादलीत टाकू नये. हा पोहण्यात कच्चा असतो आणि उभ्या भिंतीवरून त्याला वर येता येत नाही. बांधाच्या सावलीत, ओलसर भुसभुशीत मातीवर ठेवावा. खाली जायचं काम तो स्वतः करतो. घरी काचेच्या पेटीत नेणं, किंवा दया म्हणून दुसऱ्या गावच्या तळ्यात सोडणं, दोन्ही चूक. बेडकांच्या कातडीचा एक बुरशीजन्य रोग जगभर अशाच ने-आणीतून पसरला आहे.

त्याची अंडी पहिल्या पावसाच्या डबक्यात असतात. डबकं आटायच्या आत पिल्लांना पाय फुटून बाहेर पडायचं असतं, आणि हाताशी असतात जेमतेम काही आठवडे. तेवढ्या काळात त्या डबक्यात मुरूम टाकू नये, फवारणीचा पंप तिथं धुऊ नये.

आता गावोगाव शेततळी झाली आहेत. दुष्काळी शेतकऱ्याला त्यांचा मोठा आधार आहे, त्याबद्दल वाद नाही. पण आतल्या प्लास्टिकच्या कागदावर बेडकाचा पाय ठरत नाही. पाण्याच्या ओढीनं तो आत उतरतो आणि दमून बुडतो. काठाला दोर बांधून जुनी गोणपाटाची पोती पाण्यापर्यंत सोडली की त्याला चढायला वाट मिळते. खर्च जवळपास काहीच नाही. ज्यांच्या रानात असं तळं आहे, त्यांनी मृगाचा पाऊस पडायच्या आत चारही बाजूंना एकेक पोतं सोडावं.