परिभाषेचे मंडळ आणि वक्त्याचे दायित्व

‘प्रपंच’ हा शब्द मराठी माणसाच्या नित्य बोलण्यातील आहे. घर, मुलेबाळे आणि उदरभरणाची चिंता हा त्याचा लौकिक अर्थ होय. तोच शब्द सूत्रपाठाचा अभ्यासक उच्चारतो, तेव्हा जीव, देवता, प्रपंच व परमेश्वर या चार पदार्थांपैकी एक जड पदार्थ त्याला अभिप्रेत असतो. शब्द एकच, परंतु ऐकणारे मंडळ पालटले की अर्थ पालटतो. एकच मनुष्य सकाळी निरूपणास बसतो, दुपारी बाजारात व्यवहार करतो, सायंकाळी सोयऱ्यांत बोलतो. म्हणजे तो एकाच वेळी अनेक मंडळांचा घटक असतो. तेव्हा प्रश्न असा की, कोणत्या मंडळाचा शब्द कोणापुढे उच्चारावा, याचे दायित्व कोणाकडे?

असे मंडळ केवळ जन्माने किंवा मातृभाषेने बनत नाही. पंजाबातील जयकृष्णी अनुयायांची बोली पंजाबी, तथापि त्यांची धर्मभाषा मराठीच राहिली. त्यांना एकत्र ठेवणारी वस्तू म्हणजे सामाईक ग्रंथ आणि त्यांतील शब्दांचा सामाईक अर्थ. परिभाषा हे मंडळाचे धन आहे. तिच्यावाचून सूक्ष्म विचार होत नाही, म्हणून परिभाषा असणे हा दोष नव्हे.

दोष कोठे शिरतो, हे पंथाच्या इतिहासावरूनच समजते. केशिराजबास प्रकांड संस्कृतज्ञ होते. त्यांनी संस्कृतात ग्रंथरचना करू म्हटले, तेव्हा आचार्य श्रीनागदेवांनी त्यांना आवरले, हा प्रसंग स्मृतिस्थळात आहे. तसे झाल्यास परिवारातील वृद्ध स्त्रिया ज्ञानाला मुकतील, ही आचार्यांची चिंता होती. भाषेचे माप त्यांनी पंडिताच्या सामर्थ्यावरून घेतले नाही, सर्वांत दुर्बळ श्रोत्याच्या गरजेवरून घेतले.

पुढे चौदाव्या शतकात सकळ लिपी आली. वर्णांची अदलाबदल करून ग्रंथ लिहिले जाऊ लागले. ग्रंथाचे रक्षण व्हावे, तो अनधिकाऱ्याच्या हाती पडू नये, हा त्यामागील हेतू सांगितला जातो. हेतू अनुचित नव्हता, परंतु त्याचे मूल्य मोठे पडले. बाहेरच्या समाजाला ग्रंथ वाचता येईना, म्हणून तो पंथाविषयी ऐकीव गोष्टींवरून मत बनवू लागला. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी ती लिपी उलगडली आणि आद्य मराठी गद्याचे हे भांडार अभ्यासकांपुढे आले. जे कुंपण चोराला अडविते, तेच शेजाऱ्यालाही अडविते.

आतील मतभेदांविषयी मात्र याच परंपरेने अनुकरणीय उदारता दाखविली. पंडित म्हाइंभटांनी गावोगाव फिरून, प्रत्यक्ष पाहणाऱ्यांना विचारून लीळा संकलित केल्या. मूळ प्रत खलजीच्या स्वारीच्या धामधुमीत नष्ट झाली व पुढे स्मरणावरून पाठ सिद्ध झाले, असे परंपरा सांगते. जेथे एकाचे स्मरण दुसऱ्याशी जुळले नाही, तेथे तो भेद पुसला नाही; तो ‘वासना’ म्हणून नोंदविला. लौकिकात विषयेच्छा दर्शविणारा हा शब्द येथे प्रामाणिकपणाचे चिन्ह ठरतो.

यावरून वक्त्याला दोन कसोट्या मिळतात. पहिली, आपल्या मंडळात निराळे स्मरण सांगणाऱ्याला स्थान आहे काय? दुसरी, आपले प्रमेय पारिभाषिक शब्द बाजूला ठेवून शेजाऱ्याला सांगता येते काय? जो ‘देवता’ म्हणताना स्वतःचा अर्थ मनात ठेवतो आणि श्रोत्याला त्याच्या कुलदैवताचा अर्थ घेऊ देतो, त्याचे वाक्य सत्य असले तरी व्यवहार सत्य नाही. तो फसविण्याचे पाप शब्दावर ढकलतो, एवढेच.

परिभाषा सोडावयाची नाही. तिचा अर्थ उलगडून देण्याचे ऋण मात्र बोलणाऱ्यावर राहते. ऐकणारा जितका अनभिज्ञ, तितके ते ऋण अधिक.