डोक्याला मार आणि बदली माणूस

धर्माबादच्या मिरची बाजारात पोती वाहणाऱ्या हमालाचा हात मोडला, तर प्लास्टर पाहून त्याला कोणी काम सांगत नाही. पण समजा, तोच मोटारसायकलवरून पडला, डोकं आपटलं, नांदेडला नेऊन सीटी स्कॅन केला आणि तो 'नॉर्मल' आला. मग चौथ्या दिवशी लोक विचारू लागतात, "आता काय होतंय तुला?" जखम दिसत नाही, पुरावा नाही. अशा वेळी दुसऱ्याच्या शब्दावर किती विश्वास ठेवायचा? हा प्रश्न वैद्यकीय वाटतो, पण मुळात तो नैतिक आहे.

डोक्याला धक्का बसून मेंदूचं काम काही काळ बिघडतं, त्याला डॉक्टर कन्कशन म्हणतात. सीटी स्कॅनमध्ये मुख्यतः रक्तस्राव किंवा हाडाला तडा आहे का, हे कळतं. कन्कशनमध्ये तो बहुधा स्वच्छच येतो. म्हणजे 'नॉर्मल'चा अर्थ 'काही झालं नाही' असा होत नाही. डोकेदुखी, गरगरणं, उजेड-आवाज सहन न होणं, चिडचिड, लक्ष न लागणं हा त्रास बहुतेकांचा काही आठवड्यांत जातो, काहींचा महिनोनमहिने टिकतो. वारंवार उलट्या, वाढती डोकेदुखी, फिट किंवा गुंगी आली तर मात्र लगेच रुग्णालय गाठायला हवं. पूर्वी अंधाऱ्या खोलीत पडून राहायला सांगत. आता सल्ला वेगळा आहे: एक-दोन दिवस बेताची विश्रांती, मग थोडं चालणं, हलकं काम, आणि त्रास वाढला तर एक पायरी मागे. डोकं सावरण्याआधी पुन्हा मार बसू नये, हे सर्वांत महत्त्वाचं.

न दिसणाऱ्या दुखण्यावरचा संशय जुना आहे. रेल्वे अपघातातून वरवर धडधाकट बाहेर पडलेले आणि नंतर झोप, स्मरण, उमेद हरवून बसलेले प्रवासी यांच्यावर जॉन एरिक्सन या शल्यविशारदाने 1866 साली लंडनमध्ये पुस्तक लिहिलं. भरपाईचे दावे चालू होते. कंपन्यांच्या बाजूने बोलणाऱ्यांना त्यात ढोंग किंवा नुसती भीती दिसे.

ढोंगी माणसं असतात, हे खरंच. पण दोन चुकांची किंमत सारखी नाही. ढोंग्यावर विश्वास ठेवला तर चार दिवसांची मजुरी बुडते. खऱ्यावर अविश्वास दाखवला तर चक्कर येणारा माणूस पोतं घेऊन फळीवर चढतो. म्हणून विश्वास आधी उधार द्यावा, हिशेब नंतर करावा.

तरीही एवढ्याने भागत नाही. पुण्याजवळ गहुंजेच्या मैदानावर 31 जानेवारी 2025 रोजी इंग्लंडविरुद्धच्या टी-20 सामन्यात शिवम दुबेच्या हेल्मेटवर चेंडू आदळला. त्याच्या जागी आलेल्या हर्षित राणाने तीन बळी घेतले आणि भारत 15 धावांनी जिंकला. ही बदली तोडीस तोड नव्हती, अशी नाराजी इंग्लंडचा कर्णधार जोस बटलरने बोलून दाखवली. ती समजण्यासारखी होती. पण आयसीसीने 2019 मध्ये आणलेल्या या नियमामागची समज मोलाची आहे. आपण बाहेर बसलो तर संघात माणूस कमी पडेल, ही भीती असली की खेळाडू त्रास लपवतो. बदली मिळाली की त्याला खरं बोलणं परवडतं.

आपण सहसा विचारतो, हा खोटं दुखणं सांगतोय का? पोत्यामागे पैसे मिळणाऱ्या हमालाच्या किंवा किलोवर मिरचीचे देठ खुडणाऱ्या बाईच्या बाबतीत प्रश्न उलटा असतो: हे खरं दुखणं लपवत तर नाहीत? विश्रांतीचा कागद फुकट मिळतो, पण त्या दिवसांचं पीठ-मीठ कोण भरणार?

'माथाडी' या शब्दातच माथा आहे. त्या माथ्यांसाठी महाराष्ट्राने 1969 साली कायदा केला, मंडळं उभी केली. पण नोंदीबाहेर राहिलेल्याला उरतात ते सोबतचे हमाल, घरचे आणि शेजारी. "आराम कर रे" म्हणणं सोपं आहे. त्याच्या वाट्याची पोती चार दिवस टोळीने वाटून घेतली, हमालीचा हिस्सा त्याच्या घरी पोचवला आणि पाचव्या दिवशी त्याला आधी हलकंच काम दिलं, तर त्याच्या शब्दावर आपला विश्वास आहे, हे त्याला वेगळं सांगावं लागणार नाही.