उत्सवांचा शेजारधर्म

आपल्याकडे संस्थेला नाव द्यायचं तर ते बहुधा मुख्य गायकाचं, गाजलेल्या नटाचं, नाहीतर नेत्याचं. सिंधुदुर्गातल्या कणकवलीत मात्र एक संस्था साथीदाराच्या नावानं उभी आहे. वसंतराव आचरेकर हे कुमार गंधर्वांना तबल्याची साथ करणारे कलावंत. त्यांच्या नावाचं सांस्कृतिक प्रतिष्ठान या तालुक्याच्या गावात नाट्यउत्सव भरवतं आणि बॅ. नाथ पै यांच्या स्मरणार्थ एकांकिका स्पर्धा घेतं. ‘रंगवाचा’ हे नाटकाला वाहिलेलं त्रैमासिकही वामन पंडित यांच्या संपादनाखाली इथूनच निघू लागलं. मुंबई-गोवा महामार्गावर जेवायला थांबायचं ठिकाण एवढीच ज्यांना कणकवली ठाऊक आहे, त्यांना हे सांगून पटत नाही.

अशा उत्सवाचा हिशेब साधारण दोन आकड्यांत मांडला जातो: किती प्रयोग झाले आणि किती प्रेक्षक आले. तिसरी एक कमाई ताळेबंदात कुठेच धरली जात नाही. पुण्याहून नाटक येतं. टेम्पोतून नेपथ्य उतरवताना इथला एखादा वायरमन मदतीला येतो, प्रकाशयोजना करणाऱ्याच्या शेजारी बसून रात्रभर बघतो आणि पुढच्या वर्षी त्याच ग्रुपचा कोल्हापूरला प्रयोग असला की त्याला फोन येतो. एकांकिकेचा निकाल लागल्यावर हरलेली मुलं परीक्षकाला गाठतात, वाद घालतात आणि त्या वादातून त्यांना पुढच्या नाटकाची संहिता मिळते. संगीतकाराला गायक भेटतो, लेखकाला दिग्दर्शक भेटतो. कलाक्षेत्रात नोकरीच्या जाहिराती निघत नाहीत. कामं मिळतात ती अशा ओळखीतून. मोठ्या शहरात या ओळखी रोजच्या तालमीत, कट्ट्यावर, चहाच्या टपरीवर होत राहतात. लहान गावाला त्यासाठी वर्षातले तीन-चार दिवसच मिळतात. कणकवलीसारख्या ठिकाणी उत्सवाचं महत्त्व अधिक आहे ते यामुळे.

माझं म्हणणं इतकंच आहे की ही कमाई आपण मिळवतो, पण राखत नाही आणि वाटूनही घेत नाही. विशेष म्हणजे ती राखायची आणि वाटायची रीत आपल्याच मुलखात जुनी आहे.

दशावताराचंच पाहा. मोचेमाडकर, पार्सेकर, आरोलकर, खानोलकर, वालावलकर अशी मंडळं पिढ्यान्‌पिढ्या तळकोकणात फिरत आली आहेत आणि हद्द ओलांडून गोव्यातल्या पेडण्यापर्यंत जात आली आहेत. कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की त्यांचा हंगाम सुरू होतो. बहुतेक गावांची जत्रा तिथीनं बांधलेली असते. आंगणेवाडीसारख्या काही ठिकाणी देवीचा कौल मिळाल्यावरच तारीख जाहीर होते. कुठल्या देवळात कुठल्या मंडळानं नाटक करायचं हेही अनेक गावी परंपरेनं ठरलेलं असतं. डोक्यावर पेटारे घेऊन पायी चालायच्या काळात एका गावची जत्रा संपवून पहाटेच्या दहिकाल्यानंतर पुढच्या गावाची वाट धरायची, तर वाट सलग असायला हवी होती. म्हणजे एका गावाची तारीख ही केवळ त्या गावाची बाब नव्हती. पुढच्या गावाचं नाटक तिच्यावर अवलंबून असायचं. लिखित संहिता नाही, कायमचं नाट्यगृह नाही, तरी हा व्यवहार टिकला, कारण तारखा आणि वाटा सगळ्यांच्या मिळून होत्या.

घाटावरची रीत वेगळी, पण शहाणपण तेच. जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावात गुढीपाडव्याच्या सुमारास तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे यात्रा कमिटीवाले तिथं येतात, फड पाहतात, भाव करतात आणि सुपारी देऊन जातात. फडमालकाला गावागावांत हिंडावं लागत नाही आणि गावकऱ्यांना एकाच ठिकाणी सगळे फड भेटतात. तिकडे विदर्भात झाडीपट्टीच्या नाटक कंपन्या गडचिरोली जिल्ह्यातल्या वडसा इथं आपापली कार्यालयं थाटतात. दिवाळीनंतरच्या मंडई नावाच्या गावजत्रांपासून पुढच्या काही महिन्यांचे प्रयोग तिथंच ठरतात. हल्ली परदेशात उत्सवांना जोडून कलावंत आणि आयोजक यांचे बाजार भरवले जातात, त्यांचं मोठं अप्रूप वाटतं. नारायणगाव आणि वडसा हे त्याच जातीचे बाजार आहेत. फक्त त्यांच्या दारावर कापडी फलक नसतो आणि गळ्यात ओळखपत्र घालावं लागत नाही.

तिसरी रीत स्पर्धेची. 1954 मध्ये सुरू झालेली राज्य नाट्य स्पर्धा आणि 1963 पासूनचा पुण्यातला पुरुषोत्तम करंडक यांनी मराठी रंगभूमीला नट-दिग्दर्शक दिले, हे सर्वमान्य आहे. त्याहून मोठं काम राज्य स्पर्धेनं केलं ते असं की, चंद्रपूरचा हौशी दिग्दर्शक आणि मालवणचा हौशी दिग्दर्शक एकाच नियमावलीत, एकाच वेळमर्यादेत, एकाच दर्जाची चिंता करू लागले. आपण एकाच क्षेत्रातले आहोत ही जाणीव त्यातून आली.

उत्सवातली कमाई राखायची आणि वाटायची कशी, हा प्रश्न दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपातही पडला होता. 1947 साली एडिंबरोत आंतरराष्ट्रीय महोत्सव सुरू झाला, तेव्हा आमंत्रण नसलेल्या आठ नाटक मंडळ्या आपणहून येऊन गावात प्रयोग करून गेल्या. त्यातून पुढे ‘फ्रिंज’ हा बिनआमंत्रणाचा समांतर महोत्सव वाढला. 1958 मध्ये फ्रिंजमधल्या मंडळ्यांनी एक सोसायटी स्थापन केली. कोणाचं नाटक बरं, कोणाचं वाईट हे ठरवायचं काम तिनं घेतलंच नाही. सर्वांच्या प्रयोगांची एकत्र माहिती आणि तिकिटांची सोय एवढंच पाहिलं. त्याआधी 1952 मध्ये जिनिव्हात पंधरा महोत्सवांनी मिळून युरोपीय संघटना उभारली होती. बायरॉइट, व्हेनिस, व्हिएन्ना हे एकमेकांचे प्रतिस्पर्धीच. तरी एकत्र बसले, कारण अडचणी सामायिक होत्या.

आपल्या अडचणी तरी कुठे वेगळ्या आहेत? पहिली अडचण जागेची. चिपळूणचं सांस्कृतिक केंद्र वर्षानुवर्षं बंद राहिलं. पणजीच्या कला अकादमीत दुरुस्ती चालू असताना जुलै 2023 मध्ये खुल्या रंगमंचाचं छत कोसळलं. ऑगस्ट 2024 मध्ये कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह आगीत जळालं, तेही केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री. सिंधुदुर्गाला ज्या तीन दिशांनी नाटक येतं, त्या तिन्ही दिशांना हे झालं. नाट्यगृह बंद पडलं की त्या गावचा प्रयोग जातोच. शिवाय त्या प्रयोगाच्या भरवशावर पुढं येणारा आपला प्रयोगही महाग होतो.

दुसरी वाहतुकीची. घाटावरून नेपथ्य आणायचं तर फोंडा घाट आहे, करूळ आहे, आंबोली आहे. पावसात दरड आली की सगळंच अडतं. नट रेल्वेनं येतील, पण कोकण रेल्वेच्या डब्यात महाल चढत नाही. तिसरी अडचण परवानगीची. प्रयोगाचं प्रमाणपत्र, पोलिसांचा दाखला, ध्वनिक्षेपकाला रात्री दहाची मर्यादा. रात्रभर चालणाऱ्या दशावताराला आणि डबलबारी भजनाला हा नियम किती जाचतो हे प्रत्येक जत्रा कमिटीला माहीत आहे, आणि प्रत्येक कमिटी दर वर्षी तोच अर्ज नव्यानं लिहिते. चौथी पैशाची. देणगीदार मोजके, तेच सराफ, तेच बिल्डर, तेच हॉटेलवाले. एका महिन्यात तीन उत्सवांची पावतीपुस्तकं त्यांच्यापुढे येतात. पुढारी मदत करतात, पण मग फलकावर नटापेक्षा त्यांचा फोटो मोठा येतो आणि आचारसंहिता लागली की मदत थांबते.

पाचवी अडचण सगळ्यांत अवघड आणि सगळ्यांत कमी बोलली जाणारी. आपल्या बहुतेक उत्सवांची सगळी ओळखपाळख एकेका कार्यवाहाच्या डोक्यात आणि फोनमध्ये आहे. कुठला दिग्दर्शक शब्दाला पक्का, कुणाला एसटी स्टँडवरून आणायला जावं लागतं, कुठल्या नाटकाला किती उंचीचा मंच लागतो, हे सारं त्यालाच ठाऊक. तो थकला की उत्सव थकतो. गावातली तरुण मुलं शिकून मुंबई-पुण्याला किंवा गोव्याला गेलेली असतात. दशावतारात हे ज्ञान मंडळाकडे आणि गावाच्या मानकऱ्यांकडे राहिलं; माणसं बदलली तरी जत्रा चुकली नाही. आमच्या आधुनिक संस्थांना घटना आहे, कार्यकारिणी आहे, नोंदणी क्रमांक आहे. पण स्मरणशक्ती मात्र एकाच माणसाची आहे.

मग या संस्था एकत्र का येत नाहीत? खरं कारण मानपानाचं आहे. आपण शोधलेला ग्रुप दुसऱ्या गावानं बोलावला तर आपल्या उत्सवाचं नावीन्य जाईल, ही भीती प्रत्येकाला असते. ती अगदीच खोटी नाही. पण कणकवलीचा प्रेक्षक आणि कुडाळचा प्रेक्षक यांतले फार थोडे दोन्हीकडे जातात. उलट पुण्याचं प्रायोगिक नाटक एका प्रयोगासाठी इतक्या लांब यायचं तर प्रवासखर्चच मानधनाहून जड होतो. तेच नाटक रत्नागिरी, कणकवली, कुडाळ, पणजी असं चार दिवस फिरलं तर प्रत्येकाच्या वाट्याला चौथा हिस्सा येतो आणि नटांनाही चार वेगळे प्रेक्षकवर्ग मिळतात. चार गावच्या प्रेक्षकांपुढे नाटक घासून निघतं, हा कलेचा फायदा वेगळाच.

एकत्र येण्यात एक धोकाही आहे, तो नाकारू नये. संघटना झाली की अध्यक्षपद येतं, अध्यक्षपद आलं की गट पडतात आणि सगळीकडे तीच चार नाटकं दिसू लागतात. म्हणून निवड ज्याची त्यानंच करावी. सामायिक असाव्यात त्या तारखा, गाड्या, दिव्यांची सामग्री, परवानग्यांचे नमुने आणि तंत्रज्ञांची यादी. एडिंबरोच्या सोसायटीचं शहाणपण हेच होतं आणि दशावताराच्या वाटेचंही: कुणी काय करावं हे कुणी कुणाला सांगत नाही, पण कुणी कधी करावं हे सगळ्यांना माहीत असतं.

हे करायला शासनाची योजना लागत नाही आणि मोठा निधीही लागत नाही. आषाढ-श्रावणात आमचे रंगमंच रिकामे असतात आणि कार्यकर्ते मोकळे. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, कोल्हापूर आणि गोव्यातल्या नाट्यसंस्थांनी, जत्रा कमिट्यांनी, डबलबारीच्या बुवांनी आणि दशावतार मंडळांनी येत्या पावसाळ्यात एक दिवस कणकवलीत बसावं. प्रत्येकानं सोबत आपल्या पुढच्या हंगामाच्या तारखा आणाव्यात, आणि तीस वर्षांखालचा एक कार्यकर्ता आणावा, ज्याच्या हाती या तारखांची, ओळखींची आणि तंत्रज्ञांची सामायिक वही द्यायची. भाषणं नकोत, सत्कार नकोत, फलकही नको. संध्याकाळी उठताना तारखांचा एक कागद तयार असला, तर ती बैठक यशस्वी झाली असं समजावं. बोलावणं कुणी करायचं यावर मात्र अडून राहू नये. ज्याला हा लेख पटला असेल, त्यानं पहिला फोन करावा.