साधन बिघडलं, तर दोष कर्त्याचा?

गीतेच्या अठराव्या अध्यायात प्रत्येक कर्माची पाच कारणं सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, साधनं, नाना प्रयत्न आणि दैव. एकट्या स्वतःलाच कर्ता समजणाऱ्याला तिथे दुर्मती म्हटलं आहे. मग काम फसल्यावर आपण एकट्या कर्त्यालाच दोषी का धरतो?

२०२१ च्या मार्चमध्ये अंगणवाडीतल्या नोंदींसाठी केंद्र सरकारचं पोषण ट्रॅकर ॲप आलं. महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांच्या हाती होते २०१९ पासूनचे, दोन जीबी रॅमचे सरकारी फोन. ॲप तेव्हा इंग्रजीत, फोन तापायचे, अडकायचे, दुरुस्तीचा भुर्दंडही अनेकींच्या तुटपुंज्या मानधनावर. ऑगस्टमध्ये राज्यभर हजारो सेविकांनी ते फोन सरकारला परत केले.

ठाणे काय, कल्याण-डोंबिवली काय, वस्तीतल्या अंगणवाडीत काम तेच. रडणाऱ्या बाळाला काट्यावर ठेवायचं, काटा स्थिरावेपर्यंत थांबायचं, उंची मोजायची, मग ॲपवर नोंद. बाळ आईच्या कडेवर घरी जातं, पण स्क्रीनवरचं चक्र फिरतच राहतं. नोंद चढली नाही, की काम झालंच नाही असं धरलं जातं.

अशा वेळी सेवाभावाची आठवण करून देणारे पुष्कळ भेटतात. पण फळाची आस सोडणं हा ज्याचा त्याचा निर्णय. वरिष्ठाने तो हाताखालच्यांवर लादला, की ती निव्वळ पिळवणूक होते. म्हणून फोन परत करणं ही कर्तव्यच्युती नव्हती.

सेविकेला जाब विचारण्याआधी अधिकाऱ्यांनी तिचा फोन हातात घेऊन एका बाळाची नोंद स्वतः करून पाहावी.