कल्पित दुःखाचा आस्वाद

ज्या व्यक्ती कधी अस्तित्वातच नव्हत्या त्यांच्या दुःखाने वाचकाचे डोळे का पाणावतात, आणि ते पाणावले तरी पुस्तक मिटून ठेवण्याऐवजी तो पुढचे पान का उलटतो, हा प्रश्न वरवर साहित्यशास्त्राचा दिसला तरी मुळात तत्त्वज्ञानाचा आहे. कारण सत्य आणि असत्य, स्व आणि पर, सुख आणि दुःख या तिन्ही जोड्यांमधील नेहमीची सीमारेषा तेथे एकाच वेळी पुसट होते. भारतीय परंपरेत या प्रश्नाचा सर्वांत चिवट विचार नाटकाच्या निमित्ताने झाला. भरताच्या नाट्यशास्त्रातील सहाव्या अध्यायात विभाव म्हणजे भावनेची कारणे, अनुभाव म्हणजे तिची बाह्य चिन्हे आणि व्यभिचारी भाव म्हणजे येऊन जाणाऱ्या मनोवस्था यांच्या संयोगातून रसनिष्पत्ती होते, एवढेच सूत्र दिलेले आहे. ‘संयोग’ कोणता आणि ‘निष्पत्ती’ म्हणजे नेमके काय, हे ठरवण्यात पुढच्या भाष्यकारांच्या कित्येक पिढ्या गेल्या.

त्यांपैकी शंकुकाने मांडलेला चित्रतुरगन्याय कथावाङ्मयाच्या दृष्टीने विशेष उपयोगी आहे. चित्रातील घोडा पाहताना ‘हा खरा घोडा आहे’, ‘हा घोडा नाही’, ‘हा घोडा असेल की नसेल’ किंवा ‘हा घोड्यासारखा आहे’ यांपैकी कोणतेही ज्ञान पाहणाऱ्याला होत नाही, तरीही त्याला घोडा दिसतो. नाट्यातील प्रतीतीही अशीच या चारही प्रकारांहून निराळी असते. कथा खोटी असते, म्हणून ती त्याज्य, हा आक्षेप अनेक धर्मपरंपरांनी आणि प्लेटोसारख्या तत्त्वज्ञांनीही घेतला. पण सत्य-असत्याचा प्रश्न जेथे लागूच होत नाही अशी प्रतीती शक्य आहे, असे म्हटले की तो आक्षेप बराचसा निकालात निघतो. भट्टनायकाने पुढे जाऊन साधारणीकरणाची कल्पना मांडली. काव्यातील भाव ‘माझा’, ‘शत्रूचा’ किंवा ‘त्रयस्थाचा’ अशा मालकीच्या शिक्क्यांतून सुटतो, म्हणूनच त्याचा आस्वाद शक्य होतो, असा तिचा आशय होय.

दहाव्या-अकराव्या शतकांच्या संधिकालात काश्मीरमध्ये लिहिणाऱ्या अभिनवगुप्ताने ही कल्पना स्वीकारून तिला मानसशास्त्रीय बैठक दिली. आणि त्याच्या विवेचनात रसिकाइतकाच लेखकाचाही विचार आहे, हे मराठी समीक्षेत पुरेसे अधोरेखित झालेले नाही. ध्वन्यालोकावरील ‘लोचन’ टीकेत वाल्मीकी आणि क्रौंचवधाच्या प्रसंगाविषयी लिहिताना तो स्पष्ट सांगतो की, श्लोकरूप झालेला तो शोक मुनीचा वैयक्तिक शोक समजू नये, कारण मुनी स्वतःच दुःखाने होरपळत असता तर त्याच्याकडून काव्य घडलेच नसते. म्हणजे साधारणीकरण प्रथम लेखकाच्या मनात घडावे लागते. दुःख भोगलेल्यानेच दुःख लिहावे, हा आज सहजपणे मान्य होणारा समज या कसोटीवर टिकत नाही.

याच अभिनवगुप्ताने ‘अभिनवभारती’त रसाची सात विघ्ने सांगितली आहेत, आणि ती यादी तत्त्वचर्चेपेक्षा लेखनाच्या कारागिरीचीच वाटते. दाखवलेली गोष्ट संभवनीय न वाटणे हे पहिले विघ्न. भाव आपला किंवा परक्याचाच मानून विशिष्ट स्थळकाळाला चिकटून राहणे हे दुसरे, तर रसिकाने स्वतःच्या सुखदुःखांतच गुरफटून जाणे हे तिसरे. प्रतीतीची साधने अपुरी असणे, चित्र स्पष्ट न होणे, गौण गोष्टीला प्राधान्य मिळणे आणि नेमका कोणता भाव सूचित होतो याविषयी संशय राहणे ही उरलेली चार. यांवरचे उपायही तो देतो, पण ते रंगभूमीचे उपाय आहेत: रामासारखा सर्वपरिचित नायक घेतल्याने असंभवनीयता टळते, पूर्वरंग आणि वेषभूषेच्या संकेतांमुळे नट आणि पात्र यांच्याविषयीची व्यक्तिगत जाणीव झाकली जाते, गीत-वाद्य आणि सुशोभित मंडप प्रेक्षकाला त्याच्या घरगुती विवंचनेतून बाहेर काढतात, आणि अभिनयामुळे प्रतीती जवळजवळ प्रत्यक्षाइतकी स्पष्ट होते.

कादंबरीकाराजवळ यांपैकी काहीही नसते. विघ्ने मात्र सातही त्याच्या वाट्याला येतात, आणि ती दूर करण्यासाठी त्याला नेमका उलटा मार्ग धरावा लागतो. हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी 1890 पासून ‘करमणूक’ साप्ताहिकात क्रमशः आली आणि 1893 मध्ये पुस्तकरूपाने निघाली. तिची नायिका यमू ही पुराणातील सती-सावित्री नव्हे. तिचे नाव वाचकाने पूर्वी ऐकलेले नाही. तिच्यावर विश्वास बसतो तो प्रसिद्धीमुळे नव्हे, तर माहेरच्या घरातील वडीलधाऱ्यांचा धाक, सासरचे टोमणे, शिकलेल्या नवऱ्याबरोबर मुंबईत लाभलेला अल्पकाळाचा मोकळेपणा, अशा अगदी विशिष्ट तपशिलांमुळे. नाटकात विशिष्टता झाकून जे साधते ते कादंबरी विशिष्टता वाढवून साधते, आणि तपशील जितका एका घराचा, एका जातीचा, एका काळाचा, तितका तो त्या घराबाहेरच्या वाचकालाही आपलासा वाटू लागतो. रससिद्धांताच्या आधुनिक अभ्यासकांनी साधारणीकरणाचा अर्थ ‘विशेष गळून सामान्य उरणे’ असा केला, तेव्हा कादंबरीचा हा अनुभव त्यांच्या हिशेबातून निसटला, असे म्हणावे लागते.

दुसऱ्या विघ्नावरचा आपट्यांचा उपाय याहून सूक्ष्म आहे. कादंबरी यमूच्या तोंडून, प्रथमपुरुषी निवेदनात सांगितलेली आहे. पंचविशी नुकतीच ओलांडलेला एक पुरुष लेखक ‘मी’ लिहितो तो एका बालवधूचा, पुढे विधवा होणाऱ्या स्त्रीचा. आणि वाचक, मग तो पुरुष असो वा स्त्री, ती पाने वाचताना तोच ‘मी’ मनातल्या मनात उच्चारत जातो. तो ‘मी’ वाचकाचा नाही आणि वाचताना पुरता परकाही राहत नाही. आपले-परके हा भेद पुसण्यासाठी भट्टनायकाला जो स्वतंत्र व्यापार कल्पावा लागला, ते काम येथे व्याकरणातले एक सर्वनाम करते. न. चिं. केळकर यांनी 1921 च्या बडोदे येथील साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून मांडलेली ‘सविकल्प समाधी’ची उपपत्ती याच अवस्थेचे वर्णन करते. योगशास्त्रातील निर्विकल्प समाधीत ज्ञाता आणि ज्ञेय हा भेद उरत नाही. वाचक मात्र दुसऱ्याच्या भूमिकेत शिरूनही स्वतःला विसरत नाही, आणि या दुहेरी अवस्थेतच वाङ्मयाचा आनंद आहे, असे केळकरांचे म्हणणे होते. रसशास्त्राशी ही उपपत्ती काटेकोर जुळत नाही, पण कादंबरीवाचनाला ती रसशास्त्राहून जवळची आहे.

उरतो तो दुःखातील आनंदाचा प्रश्न. चौदाव्या शतकातील विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त रसास्वादाला ब्रह्मास्वादाचे सहोदर, म्हणजे भावंड, म्हटले आणि करुण रस जर खरोखर दुःखद असता तर रामायणाकडे कोणी वळलेच नसते, असा युक्तिवाद केला. हा युक्तिवाद दिसतो तितका बळकट नाही, कारण माणसे केवळ सुखासाठीच एखाद्या गोष्टीकडे वळतात, हे त्यात गृहीत धरले आहे. हेमचंद्राचे शिष्य रामचंद्र आणि गुणचंद्र या बाराव्या शतकातील जैन ग्रंथकारांनी ‘नाट्यदर्पणा’त याच्या उलट भूमिका आधीच घेतली होती: रस सुखरूपही असतात आणि दुःखरूपही, करुण हा दुःखरूपच आहे, आणि त्याच्या शेवटी वाटणारा चमत्कार हा कवीच्या व नटाच्या कौशल्याचा असतो. रसपरंपरेने हे मत बाजूला सारले, आणि ब्रह्मानंदाच्या भाषेचा दिमाख पाहता ते स्वाभाविकही होते.

यमूच्या केशवपनाचा प्रसंग मात्र ब्रह्मानंदाच्या भाषेत बसत नाही. तो वाचताना लेखकाच्या कौशल्याची जाण सुखावते आणि प्रसंग दुखावतो. एक अनुभव दुसऱ्यात विरून जात नाही. शिवाय रससिद्धांतानुसार आस्वाद संपला की रसिकाच्या माथी काहीही कर्तव्य उरत नाही, तर आपट्यांच्या कादंबरीचे शीर्षकच वाचकाला जाब विचारणारा प्रश्न आहे. विधवाविवाहाला कायद्याने 1856 मध्येच मान्यता दिलेली असूनही ‘करमणूक’च्या अनेक वाचकांच्या घरांत किंवा शेजारी यमूच्या अवस्थेतील स्त्रिया होत्या, आणि अंक मिटल्यावर त्या नाहीशा होणार नव्हत्या. असा आस्वाद शुद्ध नाही, असे कोणी म्हणेल. तसे म्हणायचे तर मराठी कादंबरीचा निम्मा वारसा अशुद्ध ठरवावा लागेल, आणि ही किंमत फार मोठी आहे. कादंबरीचे शास्त्र मराठीत नव्याने मांडू पाहणाऱ्या अभ्यासकाने अभिनवगुप्ताची विघ्ने हाताशी ठेवावीत, पण दुःखाविषयी विश्वनाथापेक्षा रामचंद्र-गुणचंद्रांचे ऐकावे.